माळसांगवीच्या सवारीचं भाकीत

नांदेड, देगलूर नाका
११ ऑक्टोबर १९९३

शेषेराव, रामराम.

तुझं कार्ड काल हातात पडलं. "सर्व सुखरूप. गोठ्याची भिंत पडली, म्हैस बाहेर होती." एवढंच लिहिलंस, पण ते वाचून माझ्या घशाखाली घास उतरला. भूकंपाच्या सकाळपासून शारिकनं घड्याळाचं दुकान उघडलं नव्हतं. आम्ही बापलेक रेडिओसमोर बसून एकेका गावाचं नाव ऐकत होतो. गणपती बुडवून माणसं झोपली काय आणि पुन्हा उठली नाहीत काय. इथंही मांडणीवरची भांडी वाजली. सूनबाई बुशरा अजून दाराशी झोपते. जळकोटकडच्या गावांचं नाव रेडिओनं घेतलं नाही, तरी तुझं कार्ड येईपर्यंत धीर नव्हता.

आता दुसरी गोष्ट. परवा चहाच्या हॉटेलात जळकोटचा एक माणूस भेटला. तो मला सांगतो, "चाचा, ह्यो भूकंप माळसांगवीच्या सवारीनं अठ्ठावन्न सालीच सांगितला व्हता." मी म्हणालो, बाबा रे, मोहरमच्या दहाव्या दिवशी पिराचा पंजा ज्यांच्या खांद्यावर असायचा ते हणमंतराव माझ्या मित्राचे, शेषेरावाचे वडील. त्यांच्या अंगात सवारी आली की लोक प्रश्न विचारायचे. सवारी जे बोलेल ते मोठ्यानं सांगणारे मुजावर म्हणजे माझे अब्बा. आणि दोघांच्या मध्ये ऊददानी धरून, धुरानं डोळे चोळत उभा असलेला पोरगा म्हणजे मी. मग मला कसं माहीत नाही? तर तो शहाणा म्हणतो, "चाचा, तुमचं वय झालं."

हे काय चाललंय गावात?

तुझा
जिलानी

माळसांगवी
४ नोव्हेंबर १९९३

जिलानी, सलाम.

वय झालं हे त्या माणसानं खरंच सांगितलं, त्यावर मी काही बोलत नाही.

भाकिताचं म्हणशील तर ते भूकंपानंतरच्या आठवड्यातच उगवलं. गाव खळ्यावर झोपत होतं. तिथं म्हाताऱ्या गंगम्मानं तोंड उघडलं, "हणमंतरावाच्या सवारीम्होरं हे सगळं बोलणं झालं व्हतं गा, म्या या कानानं ऐकलं." सकाळी ते पाणवठ्यावर गेलं, संध्याकाळी जळकोटच्या बाजारात. आता पोरासोरांच्या तोंडी आहे: जमीन हलेल, घरं बसतील.

पण एक गंमत सांगतो. आमच्याकडच्या घरांवर मातीची जड माळवदं, तुला माहीत आहेच. हा बोजा डोक्यावर घेऊन झोपू नका, असं मी तीस वर्षं मास्तरकी करताना सांगत आलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता सवारीनं सांगितलं म्हटल्यावर माणसं आपापली माळवदं उतरवून पत्रे टाकून राहिली! माझा मुलगा व्यंकटी त्यात सगळ्यात पुढं. आजोबांच्या मागं पंजा आता तोच घेतो, त्यामुळं भाकीत त्याच्या घरचं. पण तो फार भ्याला आहे. मदतीला म्हणून किल्लारीच्या बाजूला जाऊन आला, तेव्हापासून छताखाली नीट जेवतसुद्धा नाही.

खरं काय ते तू सांग. अठ्ठावन्न साली मी अहमदपूरला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो. मोहरमला येता आलं नाही. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि धोंडाबाई घरात नवी. दादांच्या, माझ्या बापाच्या, अंगातली सवारी त्या साली खरंच असं बोलली होती का?

तुझा
शेषेराव

नांदेड
२० नोव्हेंबर १९९३

शेषेराव,

मास्तर माणूस तू, तुला सरळ उत्तर हवं. ते मिळणार नाही.

अब्बांनी ऊददानी माझ्या हातात दिली तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सवारी बोलेल तेवढंच सांगायचं, त्यात पदरचा दाणा टाकायचा नाही. आणि कुणी काय विचारलं ते पंजे बसतात त्या अशूरखान्याच्या ओट्यावरून खाली उतरताना विसरून जायचं. बायाबापड्या तिथं पोटातलं बोलतात. ते चावडीवर गेलं तर उद्या कोण येईल?

माळवदं उतरून राहिली असतील तर उतरू दे. मी तोंड उघडून उगाच कुणाच्या डोक्यावर माती परत कशाला चढवू?

व्यंकटीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नकोस.

जिलानी

माळसांगवी
२ मार्च १९९५

जिलानी, सलाम.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून तू रुसला असशील. रुसवा बाजूला ठेव, आधी ऐक.

आपल्या भाकिताला शेपूट फुटलंय.

निवडणुकीत एक उमेदवार अशूरखान्यासमोर जीपवर उभा राहिला आणि म्हणाला, जमीन हलेल याचा अर्थ यंदा जुन्यांची खुर्ची हलेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मतं दुसऱ्याला दिली. ते एक असो. मागच्या महिन्यात लातूरच्या कुठल्याशा क्लासचा एजंट मोटारसायकलवर आला. भूकंप झाला तरी लातूरला गल्लोगल्ली क्लास निघून राहिलेत, खोल्या मिळत नाहीत म्हणे. त्यानं घरोघर रंगीत कागद वाटले. वर डॉक्टरच्या पांढऱ्या कोटातली पोरगी आणि खाली छापलेलं: "अशूरखान्याचे भाकीत खरे होणार! जमीन हलेल, घरं बसतील, मग सवारीच्या घरची लेक शिकेल आणि गावाची नाडी धरेल."

सवारीचं घर म्हणजे आमचं आणि आमच्या घरची लेक म्हणजे ऋतुजा, व्यंकटीची. यंदा दहावीला बसते आहे. हुशार आहे, मी आजोबा म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतो. पण या एजंटाची कमाल बघ. गावात अर्धा दिवस राहिला, आमच्या ओसरीवर धोंडाबाईच्या हातचा चहा प्याला आणि तेवढ्यात एवढं मोठं भाकीत रचून गेला! हरामखोराच्या डोक्याला दाद दिली पाहिजे. आणि आमची ही तर अशी भाळली आहे त्या कागदावर, की काही विचारू नकोस. एरवी पिराला नवस बोलते आणि मलिदा करायचा विसरते. आता जात्यावर बसली तरी भाकीत, शेजारीण आली तरी भाकीत. कागद देवघराच्या फळीवर ठेवलाय.

तुझा
शेषेराव

नांदेड
१५ मार्च १९९५

मास्तर,

तीस वर्षं तू पोरांना शिकवलंस, पण तुझ्या घरात काय शिजतं ते तुला चुलीवरून उतरल्याशिवाय कळत नाही. एजंट चहा कुणाच्या हातचा प्याला म्हणालास?

वहिनींना माझा सलाम सांग. खास सलाम म्हणून सांग.

जिलानी

माळसांगवी
८ मे १९९५

जिलानी,

तुझा खास सलाम पोचवला. धोंडाबाई पदरात तोंड घालून हसली. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही आणि विचारायला वेळही नाही, कारण घरात तंटा पेटलाय.

उदगीरहून ऋतुजाला स्थळ आलं. मुलगा बालाजी, मोंढ्यात आडत दुकान, माणसं चांगली. व्यंकटीनं हो म्हणून टाकलं. धोंडाबाईनं कागद काढला आणि म्हणाली, पोरगी लातूरला शिकायला जाणार, सवारीनं सांगितलंय. तर व्यंकटी म्हणतो, "माय, भाकीत मानायचं तर पुरं मान. जमीन हलेल, घरं बसतील, हे बी त्यातच हाय ना? लातूरला तीन-तीन मजल्याच्या इमारतीत पोरी ठेवून राहिले. माझी एकच लेक, तिला मी त्या छताखाली झोपवू? म्या किल्लारीला काय काय उचललंय ते तुला ठावं न्हाई." मग तो उठून शेतात गेला आणि आखाड्यावरच्या खोपीबाहेर तसाच बसून राहिला. मी मागं गेलो तर रडत होता. जिलानी, त्याला लेकीचं शिक्षण नको असं नाही रे. त्याला लेक जिवंत पाहिजे.

आणि ऋतुजा जेवत नाही. मला म्हणाली, "आजोबा, भाकीत असो की नसो, मला शिकायचंय. पण बाबा असे रडले तर मी जाणार न्हाई."

आता सगळं तुझ्यावर आहे. तेव्हा तिथं असलेला शुद्धीवरचा माणूस तूच. गंगम्माचं आता रोज वेगळं सांगणं असतं. तू एक कर. पहिलं अर्धं खोटं आणि दुसरं अर्धं खरं, एवढं चार ओळींत लिहून दे. जमीन हलेल हे सवारी बोललीच नव्हती, लेक शिकेल हे बोलली होती. व्यंकटी तुला काका मानतो, तुझं ऐकेल.

माझ्यासाठी नाही, पोरीसाठी लिही.

शेषेराव

नांदेड
१६ मे १९९५

शेषेराव,

भाकीत म्हणजे बाजारातलं कलिंगड आहे का, अर्धं कापून दे म्हणायला?

रागावू नकोस. पत्र वाचून मी पण दोन वेळा जेवलो नाही. ऋतुजा माझी कुणी नाही का? पण आज मी तिच्यासाठी एक खोटं लिहिलं, तर उद्या व्यंकटीला कुणीतरी सांगेल की जिलानीचाचानं दोस्तीखातर लिहिलं. मग लातूरला जरा ट्रक गेला न् खिडकी वाजली, की तो पोरीला परत घेऊन येईल. खोट्यावर उभं केलेलं टिकत नाही, हे भूकंप न होताही खरं आहे.

अब्बांचा रिवाज असा होता: सवारीच्या बोलण्यावर वाद झाला तर माणसांना विचारायचं नाही, सवारीलाच पुन्हा विचारायचं. मोहरम आलाच आहे. दहाव्या दिवशी दुपारी, पंजे ठंडे करायला विहिरीवर नेण्याआधी, वहिनींनी पाय धुवावेत आणि विचारावं. पंजा व्यंकटीच्याच खांद्यावर असेल, ते मला कळतं. तरीही त्यालाच विचारायचं.

मी यायला हवं होतं. पण गुडघ्यांनी दगा दिलाय. एसटीची पायरी चढवत नाही. अख्तरी भाबी आहेत. माझा भाऊ गेल्यापासून अशूरखान्याचा दिवा त्याच लावतात, ऊदही त्याच घालतात. रिवाज त्यांना माझ्याइतकाच पाठ आहे. सवारी बोलली तर त्या तेवढंच सांगतील. न बोलली तर काय सांगायचं तेही त्यांना माहीत आहे. तुला आधी लिहीत नाही, कारण तू ते सकाळच्या आत जळकोटपर्यंत पोचवशील.

जिलानी

माळसांगवी
१३ जून १९९५

जिलानी, सलाम.

बसून सावकाश वाच.

दहाव्या दिवशी दुपारी सगळं गाव अशूरखान्यासमोर. गोड चोंग्यांचा वास, ऊदाचा धूर, हलगी. व्यंकटीच्या खांद्यावर पंजा. अंगात आलं तसा तो डोलायला लागला. लोकांनी पावसाचं विचारलं, तुरीचं विचारलं. सवारी म्हणाली पाऊस मृगातच आहे, तुरीला घाई करू नका. अख्तरी भाबींनी ओट्यावरून ते मोठ्यानं सांगितलं. आवाज अजून खणखणीत आहे.

मग धोंडाबाई पुढं झाली. घागरीनं पायांवर पाणी घातलं. आई पोराचे पाय धुते आहे, हे बघून बाया डोळे पुसायला लागल्या. पण तिच्या चेहऱ्यावर पोराकडं बघतेय असं काही नव्हतंच. ती पंजाकडं बघत होती. म्हणाली, "भाकितावर भांडण लागलंय. लोक म्हणतेत, आमच्या घरची लेक शिकंल. लोक म्हणतेत, घरं बसतील. मी यातलं काईच इचारत न्हाई. मी एकच इचारते. माझ्या नातीला शिकायला जाऊ देऊ का नको?"

हलगी थांबली. व्यंकटी डोलायचा थांबला. ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं आता "नको" येणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, छाती भात्यासारखी चालू होती, पण तोंडातून ना हो आलं ना नको. तो चांगला घट्ट उभा होता, पंजा जरासुद्धा कलला नाही.

सगळे अख्तरी भाबींकडं बघायला लागले. त्यांनी मोरपिसांचं मोरचेल खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सवारी गप हाय. सवारी गप ऱ्हायली तर रिवाज असा हाय, की ज्यानं इचारलं त्याच्या हातात. धोंडाबाई, तुझ्या हातात."

धोंडाबाई एवढंच म्हणाली, "मंग ती जाईल."

मला वाटलं गाव कालवा करील. उलट गंगम्मा म्हणाली, "हाव, असंच व्हतं, त्या साली बी असंच व्हतं." तिच्याकडं लक्ष कोण देतो?

पंजे ठंडे करून व्यंकटी ओल्या अंगानं घरी आला आणि पाटावर बसला. जेवून झाल्यावर म्हणाला, "माय, वरच्या मजल्याची खोली घ्यायची न्हाई. तळमजला, पत्र्याची. दार अंगणात उघडणारी. ती म्या सोता बघून येईन." धोंडाबाई म्हणाली, "आन् मी तिच्यासंगं ऱ्हाईन. रांधून घालीन. रात्री दार उघडं ठेवून झोपीन." व्यंकटीनं मान हलवली. बालाजीच्या घरी तो स्वतः जाऊन हात जोडून आला. माणसं खरंच चांगली, म्हणाली, पोरगी डॉक्टर झाली तर आम्हाला फुकट तपासू दे.

ऋतुजा आज दोन भाकरी जेवली.

तेव्हा सगळं छान झालंय. फक्त धोंडाबाई लातूरला राहणार म्हटल्यावर मला कोण रांधून घालणार, याचा विचार घरात एकालाही सुचलेला नाही.

तुझा
शेषेराव

नांदेड
२२ जून १९९५

शेषेराव,

पत्र बुशराला मोठ्यानं वाचायला लावलं. "तुझ्या हातात" आलं तेव्हा मी अब्बांचाच आवाज ऐकला. ऋतुजाला माझे आशीर्वाद. शारिकनं तिच्यासाठी एक मनगटी घड्याळ बाजूला काढलंय. व्यंकटीला सांग, त्याच्यासारखी सवारी मी पाहिली नाही. बापाचं मन नको म्हणत असताना गप्प राहणं सोपं नाही. हणमंतरावांनाही ते एकदाच जमलं होतं.

आता वाद मिटलाय, तेव्हा तुझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर देतो. सवारी काय बोलली ते सांगायला मुजावराला बंदी नाही. अठ्ठावन्न साली सवारी कुणालाच काही बोलली नाही. सकाळपासून लोक विचारत होते, कुणी पडायला आलेल्या घराचं, कुणी विहिरीचं, आणि हणमंतराव पंजा घेऊन गप्प उभे. अब्बा प्रत्येकाला एकच सांगत होते, तुझ्या हातात. लोकांनी घरी जाताना उत्तरं नेली नाहीत, एकमेकांचे प्रश्नच नेले. त्याचं पुढं भाकीत झालं.

आणि शेपूट एजंटानं रचलं असं तू अजूनही समजतोस. नाव घेऊन कुणी काय विचारलं ते सांगायला मला बंदी आहे. पण तुला घरात विचारायला कुणाची बंदी नाही. ज्या हातचं तू सदतीस वर्षं जेवतोस, तिथं विचार.

जिलानी

लातूर
६ ऑगस्ट १९९५

जिलानी, सलाम.

पत्ता बदलला म्हणून दचकू नकोस. गावात एकट्यानं दोन आठवडे पिठलं करून खाल्लं, तिसऱ्या आठवड्यात मीही लातूरला आलो. पत्र्याची खोली, दार अंगणात उघडणारं, अंगणात पपईचं झाड. दुपारी पत्रा तापतो तेव्हा आम्ही दोघं पपईखाली बसतो. गल्लीत जिकडं बघावं तिकडं पोरंपोरी पाठीवर दप्तरं घेऊन पळतात आणि प्रत्येक खोलीपुढं कुणाची तरी आजी किंवा आई स्टो पेटवते. धोंडाबाईनं चार मैत्रिणी केल्या आहेत. व्यंकटी दर रविवारी ज्वारीचं पीठ घेऊन येतो. आधी भिंतींवरून हात फिरवतो, मग लेकीशी बोलतो. मागच्या रविवारी मात्र भिंती विसरला.

काल दुपारी धोंडाबाई पपईखाली डाळ निवडत होती. मी विचारलं, "अठ्ठावन्न साली दादांच्या सवारीला तू काय विचारलं होतंस?"

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "नवी नवी आले व्हते. घरात कुणाशी बोलायची चोरी. तिथं बोलता येतंय म्हणून गेले. इचारलं, मला लेक झाली तर ती शिकंल का. मामंजी गप उभे. जिलानीभाऊजींचे अब्बा म्हणले, बेटी, तुझ्या हातात."

मला पंचफुला आठवली. आमची थोरली लेक. चौथीतून काढली तेव्हा ती दप्तर घेऊन दारामागं उभी राहिली होती. त्या दिवशी घरातली आम्ही सगळी माणसं काय काय बोललो ते आठवलं. धोंडाबाई तेव्हा काय म्हणाली ते मात्र काही केल्या आठवेना. मी म्हणालो, "मग पंचफुलाच्या वेळी तू हे सांगितलं का नाहीस?"

"सांगून बघितलं. एकट्या बाईच्या हातात हाय म्हणलं की कोण ऐकतंय? म्हणून ह्या वेळी तेच भाकीत करून सगळ्या गावाच्या तोंडात घातलं. त्या एजंटाला बी चहा पाजला." आणि हसली. जिलानी, तुझ्या खास सलामाला जशी हसली होती तशीच.

मी विचारलं, "पण त्यानंतर एवढी वर्षं मला का बोलली नाहीस?"

ती म्हणाली, "तुमी कवा इचारलंच न्हाई."

तूही हसू नकोस. आतून ऋतुजाचा पाठांतराचा आवाज येत होता. मी पिशवी घेतली आणि बाजारात जायला निघालो. दारातून मागं वळून विचारलं, "संध्याकाळला भाजी काय आणू?"

इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मेथी."

आज पुन्हा विचारलं. आज कारली आहेत.

तुझा
शेषेराव